पाहुण्यांपुढे नीट चालणारी हार्डडिस्क

मलकापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवा गिऱ्हाईक आत आला की आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो. मागे भिंत आहे. मग विचारतो, "ताई, मेकॅनिक कवा येईन?" मी म्हणते, "आलेला आहे." त्यावर तो समाधानाने बाकावर बसून वाट बघू लागतो. तोवर मी त्याच्या कॅबिनेटचे स्क्रू काढलेले असतात. आता केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, बारीक सोल्डरिंगची कामं मी घेत नाही; पण बाकावर बसून मेकॅनिकची वाट बघणारे अजून येतात.

या धंद्यात सगळ्यात सोपी तक्रार म्हणजे ‘बंद पडला’. बंद पडलेलं मशीन सरळ असतं, त्याचं म्हणणं एकच असतं. खरी कटकट ‘स्लो झाला’ या तक्रारीची. कधीपासून स्लो? "असाच." काय करताना स्लो? "काईही करताना." थोडं खोदून विचारलं की दहापैकी सहा-सात वेळा एकच गोष्ट निघते. फाइल इकडून तिकडे कॉपी करायला लावली की ती हिरवी पट्टी थोडी सरकते आणि मग बसून राहते. लोक तिच्याकडे बघत बसतात. बघितल्याने ती सरकत नाही, हे मी सांगून थकले.

ज्यांनी हार्डडिस्क उघडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एक चपटी, बऱ्यापैकी जड डबी असते. तिच्यात आरशासारखी गुळगुळीत तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावर एक बारीक हात, टेकल्यासारखा पण न टेकता, मागेपुढे सरकून वाचत असतो. तबकडीवरच्या ओळी इतक्या दाट, की हात केसभर हलला तरी भलत्याच ओळीवर जातो. तसं झालं की हार्डडिस्क बोंब मारत नाही. तबकडीचा फेरा फिरून यायची वाट बघते आणि पुन्हा वाचते. नाही जमलं तर पुन्हा. बाहेर बसलेल्या माणसाला एवढंच दिसतं की पट्टी हलत नाही. तो म्हणतो, मशीन आळशी झालं. मशीन आत जीव तोडून काम करत असतं. मला त्या डबीबद्दल पहिल्यापासून माया आहे ती यामुळे.

दर वेळी काही डबीचा दोष नसतो. कोणी पेनड्राइव्ह पुढच्या जुन्या, संथ खाचेत लावतो आणि मागे चांगली वेगवान खाच धूळ खात असते. कोणाची आतली केबल सैल असते. कोणी हजारो बारीक बारीक फोटो एकदम उचलतो आणि विचारतो, काल तर याहून मोठा सिनेमा पटकन गेला, आज काऊन नाही? आमच्या भागात हे समजावणं सोपं आहे. जिनिंगमधून बांधलेली कापसाची गाठ ट्रकवर चढवायची आणि तेवढाच कापूस मोकळा, ओंजळीने चढवायचा, यात फरक आहे की नाही? "हाव, आहे ना," म्हणतात आणि लगेच पटतं.

एका व्यापाऱ्याच्या मशीनमध्ये तीन अँटीव्हायरस निघाले. तिघंही प्रत्येक फाइल अडवून तपासायचे, शिवाय एकमेकांनाही तपासायचे. मी विचारलं, तीन कशाला? तो म्हणाला, "एकावर भरोसा ठेवता येते का, ताई?" त्याच्या दुकानात कुलपंही तीन होती, म्हणून मी वाद घातला नाही.

दुसरा होता खत-बियाण्यांचा दुकानदार. दसरा झाला की त्याचं मशीन स्लो व्हायचं. मी विचारलं, मशीन पडलं होतं का? नाही. कोणी धक्का दिला? नाही हो. कॅबिनेट उघडला तर हवा जायच्या जाळीत ओल्या खोबऱ्याचा तुकडा. दसऱ्याला तो मशीनची पूजा करायचा, इथपर्यंत ठीक, सगळेच करतात. हा नारळ कॅबिनेटवरच फोडायचा, तोही मशीन चालू ठेवून, कारण बंद मशीनची पूजा करणं त्याला बरं वाटत नव्हतं. मी हार्डडिस्क बदलली आणि हात जोडून सांगितलं की नारळ उंबऱ्यावर फोडा. त्याने ऐकलं. पुढच्या वर्षी त्याने प्रिंटरवर फोडला.

आता एका चक्कीची गोष्ट सांगते.

मोताळा तालुक्यातल्या एका गावात प्रकाश नावाचा पोरगा ऑनलाइन कामांचं केंद्र चालवतो. सातबारा काढून देणं, पीक विमा भरणं, असली कामं. पोरगा म्हणते खरी, पण त्याला दोन लेकरं आहेत. केंद्र म्हणजे पत्र्याच्या शेडचा अर्धा भाग. प्लायवूडच्या आडभिंतीपलीकडे उरलेल्या अर्ध्यात पिठाची चक्की आहे आणि ती त्याची बायको शोभा चालवते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत होता तो फक्त प्रकाश, जो मोटारसायकलवर पुढे पोत्यात गुंडाळलेला कॅबिनेट घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, कॉपी व्हतच नाई. पेनड्राइव्हवर टाकाले गेलो की अर्ध्यात लटकून राह्यते."

मी मशीन लावलं, माझी नेहमीची मोठी फाइल इकडून तिकडे टाकून पाहिली. सुतासारखं चाललं. मी विचारलं, "आत महत्त्वाचं काय आहे?" हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. आणि प्रत्येकजण जे उत्तर देतो तेच प्रकाशने दिलं, "काई नाई, असंच." मी केबल बदलून दिली आणि त्याला वाटेला लावला.

तो परत आला. गावात तसंच. माझ्याकडे पुन्हा सुतासारखं. प्रकाश मशीनकडे रागाने बघत होता. "तुमच्याजवळ आलं की नाटक करते हे. लेकरू दवाखान्यात गेल्यावर खोकत नाई ना, तसं." मी म्हटलं, मीच येते.

गेले. शेडजवळ पोचले तेव्हा चक्कीचा आवाज येत होता. प्रकाश पुढे आला, "ताई आल्या" म्हणून त्याने आत हाक दिली आणि चक्की बंद झाली. पीठ झटकत शोभा बाहेर आली, खुर्ची पुसली, पाणी दिलं. चक्कीपुढे दळणाचे डबे ओळीने लावलेले, बाया ओट्यावर बसलेल्या. त्यांनीही माझी चौकशी केली: माहेर कुठलं, लेकरं किती, हे काम कोणी शिकवलं. चहा झाला. मी मशीन तपासलं. सुतासारखं. बाया कौतुकाने बघत होत्या. मी विजेचं अर्थिंग पाहिलं, ते ठीक होतं. शेवटी मी सगळ्यांचा निरोप घेऊन फाट्याकडे निघाले.

फाट्यावर उभी होते, तर मागे चक्की सुरू झाल्याचा आवाज आला. थोड्याच वेळात फोन वाजला. प्रकाश. "ताई, पुन्हा लटकलं पाह्य." फोनमधून चक्की ऐकू येत होती आणि दुसऱ्या कानाला गावाकडूनही तीच ऐकू येत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मग परत फिरले.

मला परत येताना पाहून शोभाने चक्की बंद केली. मी म्हटलं, "बाई, चालू कर."

"तुमी आल्यावर?" तिला ते पटेना. "बोलनं आयकू येत नाई. घरी आलेल्या मानसापुढं घरघर चक्की चालू ठेवाव म्हंता? लोक काय म्हंतीन?"

"लोकांचं मी बघते. तू चालू कर."

तिने नाइलाजाने बटण दाबलं. मी टेबलावर तळहात ठेवला. टेबल थरथरत होतं. हातात मुंगी चालल्यासारखी, इतकी बारीक थरथर. टेबल आणि चक्की शेडमधल्या एकाच सिमेंटच्या चौथऱ्यावर होते आणि टेबलाची मागची बाजू प्लायवूडला टेकलेली. चक्की फिरली की तबकडीवरचा हात ओळ चुकायचा. चक्की थांबली की नीट वाचायचा. आणि दुरुस्तीवाली बाई दारात दिसली की मानपान म्हणून हे लोक चक्की थांबवायचे. एवढा चांगला पाहुणचार झाला नसता, तर दोष मला पहिल्या घोटभर चहातच सापडला असता.

मी हसणार होते, पण कॅबिनेटला कान लावला आणि हसू गेलं. आतून टक्, टक् असा आवाज येत होता. चक्की बंद करायला लावली तरी तो थांबला नाही. हा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं थरथरत वाचून वाचून डबी खचली होती. मी प्रकाशला पुन्हा विचारलं, "आत काय आहे? खरं सांग."

तो कीबोर्डवरचं पीठ पुसू लागला. शोभाच बोलली. "मामाजींची गाणी हायेत."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, सुखदेवबाबा. ते चक्कीच्या दारात बसलेले होते. मघाशी मी त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले होते, गळ्याला रुमाल होता. मला वाटलं, म्हातारा माणूस, कमी बोलणारा. शोभापूर्वी ही चक्की तेच चालवायचे. दळता दळता गाणी रचायचे आणि चक्कीच्या घरघरीवर मोठ्याने म्हणायचे. जयंतीच्या मिरवणुकीत गावापुढे गाणारे तेच. आजूबाजूची गावंही त्यांना बोलवायची. त्याच्या आदल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांना आवाजाची पेटीच काढावी लागली. ऑपरेशनच्या आधी प्रकाशने याच खोलीत, चक्की बंद ठेवून, माइकसमोर बसवून त्यांची सगळी गाणी भरून घेतली होती. ती या डबीत होती, आणखी कुठेही नव्हती. लोकांच्या मोबाइलमध्ये होते ते तुकडे, त्यात फटाके जास्त. जयंती तोंडावर आली होती. प्रकाश गाणी पेनड्राइव्हवर घ्यायला बसला, तेव्हापासून पट्टी लटकत होती.

"मग मला ‘काही नाही’ काऊन सांगितलं?"

"ताई," प्रकाश खाली बघत म्हणाला, "दुकानात मानसं बसली होती. बोललो असतो तं रडलो असतो."

मला राग आला होता, तो विरघळला. त्या दिवशीच सांगितलं असतं तर बरंच सोपं झालं असतं, हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्याला कळतच होतं.

डबी मलकापूरला न्यायची सोय नव्हती. अशी डबी एकदा बंद केली तर पुन्हा फिरेलच असं नाही, आणि मोटारसायकलवर नेली तर नाहीच. ती फिरत होती तोवर, जागेवरून न हलवता, हळूहळू काढता येईल तेवढं काढायचं. त्यासाठी चक्की बंद. मी बाहेर जाऊन बायांना सांगितलं की आज दळण उशिरा मिळेल, मिळेलच असंही नाही. एक म्हातारी म्हणाली, "पोळ्या नाई तं भात खाऊ. बाबाचा आवाज काढ तू." डब्याला नंबर लावून कोणी घरी गेली नाही. सगळ्या ओट्यावरच बसून राहिल्या. एकीने चप्पल वाजेल म्हणून काढून हातात घेतली. मी सांगितलं की एवढ्याची गरज नाही, तरी तिने ती हातातच ठेवली.

माझ्या पिशवीत नवी डिस्क होती. हिच्यात तबकडी नसते, फिरणारं काही नसतं, नुसती चिप. ती जोडली. आता प्रश्न होता, आधी काय काढायचं? मध्येच डबीने जीव सोडला तर मागचं सगळं गेलं. प्रकाशने लगेच मिरवणुकीच्या गाण्यावर बोट ठेवलं. त्याच गाण्यावर गाव नाचायचं, तेच सगळ्यात मोठं.

सुखदेवबाबा उठून आत आले. त्यांनी प्रकाशचा हात धरून बाजूला केला. स्क्रीनवरच्या नावांवरून बोट फिरवत ते बारीकसारीक गाण्यांवर थांबू लागले. पेरणीचं एक, विहाराच्या पायाभरणीचं एक, शोभा नवी सून म्हणून आली तेव्हा तिने पहिल्यांदा जाडंभरडं दळलं त्याच्या चेष्टेचं एक. मिरवणुकीचं गाणं त्यांनी शेवटी दाखवलं.

"बाबा, असं नका करू ना," प्रकाशचा आवाज चढला. "तेच गेलं तं जयंतीले काय लावू?"

बाबांनी दाराबाहेर बसलेल्या बायांकडे हात केला, मग स्वतःच्या छातीवर टेकवला. प्रकाशला कळलं नाही. मलाही नाही. शोभा म्हणाली, "ते म्हनून राह्यले का ते गानं साऱ्याईले येते. बाकीचे कोनालेच येत नाईत."

मी बाबांच्या क्रमाने लावलं.

पट्टी सरकायची, थांबायची. आतून टक् टक्. थांबली की सगळे श्वास धरायचे आणि सरकली की सोडायचे. मी मघाशी म्हटलं की बघितल्याने पट्टी सरकत नाही. त्या दिवशी मीही बघत होते. एकेक गाणं पार होत गेलं. पेरणीचं गेलं, विहाराचं गेलं, शोभाच्या जाड्या पिठाचं गेलं. प्रकाश प्रत्येक नाव हळूच वाचायचा. उन्हं कलली तेव्हा एकच गाणं उरलं होतं.

मिरवणुकीचं गाणं अर्ध्यापर्यंत आलं. मग आतून एक लांब कर्र असा आवाज आला आणि डबी थांबली. मी मला येत होते ते सगळे उपाय केले. अर्धं गाणं हाती आलं होतं, उरलेलं गेलं. या धंद्यात इतक्या डब्या मेलेल्या पाहिल्या, पण लोकांना सांगायचे शब्द मला अजून सापडलेले नाहीत. मी म्हटलं, "गेली." प्रकाश तोंड फिरवून प्लायवूडकडे बघत उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले.

काम मात्र संपलं नव्हतं. नवी डिस्क मशीनमध्ये बसवली, सगळं पुन्हा लावलं. आता चाचणी घ्यायची तर खऱ्या परिस्थितीतच घ्यावी लागते. मी शोभाला म्हटलं, "चक्की चालू कर. डबा टाक."

तिने पहिल्या बाईची ज्वारी ओतली, बटण दाबलं. टेबल थरथरू लागलं. मी स्पीकर लावला आणि पहिली हाती लागली ती फाइल सुरू केली. ती नेमकी मिरवणुकीच्या गाण्याची निघाली. बाबांचा आवाज चक्कीच्या घरघरीवर चढला. मी गाण्यातली जाणकार नाही, पण कान आहेत. रेकॉर्डिंग करताना चक्की बंद होती, तरी आवाज चक्कीच्याच सुरात होता. आयुष्यभर जिच्यावर गायला, तिचा सूर माणसाने ती नसतानाही धरला होता. डिस्क जराही अडखळली नाही.

गाणं अर्ध्यावर आलं आणि एका शब्दाच्या मध्येच तुटलं. चक्की तेवढी चालू राहिली. मी घाईने माउसकडे हात नेला. तेवढ्यात ओट्यावरच्या म्हातारीने तो शब्द पुरा केला. मग दुसरीने सूर धरला. चप्पल हातात घेतलेलीने चप्पल खाली ठेवली. आत शोभा चक्कीत ज्वारी लोटत तोंडातल्या तोंडात गात होती, मग मोठ्याने गाऊ लागली. वर्षानुवर्षं डबे घेऊन याच ओट्यावर बसून त्यांनी ते ऐकलं होतं. एकही शब्द चुकला नाही. सुखदेवबाबा एका रिकाम्या डब्याच्या झाकणावर बोटांनी ठेका धरून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसत नव्हते.

प्रकाशने ती अर्धी फाइल तशीच ठेवली आहे. जयंतीच्या मिरवणुकीला मला दरवर्षी बोलावणं असतं आणि मी दुकान बंद ठेवून जाते. गाडीवरच्या मोठ्या स्पीकरवर बाबांचं गाणं लागतं, शब्दाच्या मध्येच तुटतं, आणि उरलेलं गाव म्हणतं. बाबा पुढे चालत झाकण वाजवतात. यंदा साउंड सिस्टिमवाला बाहेरगावचा होता. गाणं तुटल्याबरोबर तो घाबरला, वायरी हलवू लागला, मग कोणीतरी त्याला माझ्याकडे बोट दाखवलं. तो पळत आला. "मॅडम, कॉम्प्युटरचं काम तुमी करता म्हने. पाहा ना, मधीच बंद पडलं!"

मी त्याला म्हटलं, "हात लावू नको. बरोबर चालू आहे."